मदत हवी आहे: अ‍ॅम्प तापल्यावर आवाज सुधारतो म्हणतात, खरं आहे का?

नागनदीकाठी:
राजेहो, एक शंका आहे. माझ्याकडे जुना ट्रान्झिस्टरचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आहे, क्लास एबी, मागे उष्णता बाहेर टाकणारं हे एवढं मोठं हीटसिंक. सोबत टर्नटेबल आणि बुकशेल्फ स्पीकर. नागपुरात सध्या पहाटे पारा दहाच्या खाली जातोय. सकाळी रेकॉर्ड लावली की पहिली बाजू ऐकवत नाही. वसंतराव देशपांड्यांची तान फाटल्यासारखी येते, 'स' आणि 'श' तर नुसते फुसफुसतात. दुसरी बाजू लावेपर्यंत बरंच जागेवर येतं. मे महिन्यात हे कधी जाणवलं नाही, पण तेव्हा कुलरच्या घरघरीत तसंही काय कळणार म्हणा.

व्हॉल्वचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प वापरणारा एक मित्र सांगतो, अ‍ॅम्प कधी बंदच करू नको, चोवीस तास चालू ठेव. घरी हे नुसतं बोललो तर बायकोनं विजेचं बिल पुढ्यात आणून ठेवलं. तर तापण्याचा खरंच फरक पडतो, की माझेच कान उशिरा जागे होतात?

सोल्डरगन:
मित्राचा सल्ला त्याच्या स्वतःच्या अ‍ॅम्पलाही लागू नाही. व्हॉल्वमध्ये कॅथोड (आतला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, म्हणून सुरुवातीचं अर्धं-एक मिनिट थांबावंच लागतं. पण व्हॉल्व जितके तास जळतो तितके त्याच्या आयुष्यातून वजा.

ट्रान्झिस्टरचं वेगळं. तापमान एक अंशानं वाढलं की तो चालू व्हायला लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतं. त्यामुळे करंट भलताच वाढू नये म्हणून बायस (गाणं नसतानाही वाहत ठेवलेला थोडासा करंट) सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर बहुतेकदा हीटसिंकलाच चिकटवलेला असतो. हीटसिंक नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत बायस नीट जागेवर बसत नाही. तो कमी पडला तर क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन (लाट एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना होणारी मोडतोड) येतं, तेही हळू आवाजात जास्त जाणवतं. म्हणजे गोष्टीत तथ्य आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली पॉवर रेटिंगचा नियम आणला, त्यात मोजणीआधी एक तृतीयांश पॉवरवर तासभर अ‍ॅम्प चालवायची अट होती. (ती छापील वॅट खरे आहेत का हे बघायला, गाणं गोड व्हावं म्हणून नव्हे.)

मल्टिमीटर असेल तर एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट (त्यावरून बायस कळतो) थंड असताना मोजा आणि अर्ध्या तासानं पुन्हा. झाकण उघडताना मात्र जपून. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

बर्डीवाला:
चोवीस तास वगैरे काही करू नका. नुसता चालू असताना ६० वॅट खात असेल तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ च्या वर. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० अंशांनी जास्त तापला की आयुष्य साधारण निम्मं. आपल्या मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, डब्याच्या आत काय होत असेल बघा. आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही आवाज किंचित वाढवता का? थोडंसं मोठं झालं तरी कानाला ते 'सुधारलं' असंच वाटतं.

रेकॉर्डवेडा:
काय बाप्पा, सगळे अ‍ॅम्पवरच घसरले! ही लक्षणं कार्ट्रिजची, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीची आहेत. सुई ज्या बारीक दांडीला असते तिच्या मुळाशी रबराचा डँपर असतो. थंडीत ते रबर आखडतं, मग सुईला खोबणीतली झटपट वळणं घेता येत नाहीत. वरच्या पट्टीतली तान आणि 'श' आधी फाटतात ते त्यामुळे. उद्या सकाळी गार अ‍ॅम्पला फोन ऑक्सवर (बाहेरचं साधन जोडायच्या सॉकेटवर) जोडून तेच गाणं ऐका. 'श' साफ आला तर अ‍ॅम्प सुटला.

नागनदीकाठी:
केलं. ऑक्सवर पहिल्या मिनिटापासून 'श' स्वच्छ. रेझिस्टरवर थंडीत ११ मिलिव्होल्ट, अर्ध्या तासानं १४, कानाला काडीचा फरक नाही. मग उलट करून पाहिलं: अ‍ॅम्प तासभर चालू ठेवला आणि गार टर्नटेबलवर रेकॉर्ड लावली. पुन्हा तेच फुसफुस. टर्नटेबल खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीला लागून आहे. सुईवर हेअर ड्रायर मारला तर चालेल का?

रेकॉर्डवेडा:
अजिबात नको! दांडी वाकली तर कार्ट्रिज गेलं, आणि जवळची रेकॉर्ड तापून वाकडी होईल ते वेगळंच. टर्नटेबल आतल्या भिंतीकडे घ्या. हेडशेल (कार्ट्रिज धरणारं टोक) निघत असेल तर रात्री आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. ट्रॅकिंग फोर्स (रेकॉर्डवर पडणारा सुईचा भार) मोजून कंपनीनं दिलेल्या मर्यादेतल्या वरच्या टोकाला ठेवा, रेकॉर्ड वाचावी म्हणून हलका ठेवला की उलट जास्त फाटतं. आणि खोली ऊबदार होईपर्यंत वसंतराव नको. अशी उडणारी सुई खोबण कायमची खरवडते, जिच्यावर जीव नाही अशी एखादी रेकॉर्ड तोवर लावा.