सल्ला हवा: विद्यापीठाच्या पोलीस खात्यात सार्जंट झाले, रात्रपाळीचे गस्त अधिकारी कसे सांभाळू?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या पोलीस खात्यात आहे. भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगते, ही सिक्युरिटी एजन्सी नव्हे. शपथ घेतलेले, हत्यारबंद, अटकेचा अधिकार असलेले पोलीस. येल विद्यापीठात १८९४ पासून असं खातं आहे.

नुकतीच सार्जंट झाले. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर गस्त घालत होते तेच आता हाताखाली. त्यातल्या दोघांपुढे हात टेकलेत. एक खूप सीनियर. उलट बोलत नाहीत, कॉल आला की जातात, पण एरवी पार्किंगच्या मागे गाडी लावून बसतात. दुसरा ट्रेनिंग संपवून आलेला नवा पोरगा. कॅम्पसला लागून असलेल्या रस्त्यावर दिसेल ती गाडी थांबवतो. एकाचा ब्रेकलाइट गेलाय, दुसऱ्याची नंबरप्लेट नाही. विद्यार्थ्यांच्या तक्रारी येऊ लागल्यात. अनुभव, कोर्स, काहीही सुचवा.

टेक्सासकर
अभिनंदन! मी दुसऱ्या एका कॅम्पसवर लेफ्टनंट आहे.

आधी नव्याचं बघा, कारण धोका तिथे जास्त आहे. २०१५ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या पोलिसाने कॅम्पसबाहेर पुढची नंबरप्लेट नाही म्हणून सॅम्युअल ड्युबोस यांची गाडी अडवली आणि त्यात त्यांना गोळी घातली. अधिकाऱ्याचं म्हणणं आणि त्याच्याच बॉडी कॅमेऱ्याचं चित्रीकरण जुळलं नाही. पुढे विद्यापीठाने कुटुंबाला ४८.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. नव्याला हे भीती घालायला सांगू नका. शेजारी बसवून त्याचीच दोन-तीन चित्रीकरणं दाखवा आणि एवढंच विचारा, ‘ही गाडी थांबवून कॅम्पसवरचं कोण जास्त सुरक्षित झालं?’ उत्तर देता येईल असे स्टॉप त्याने जरूर करावेत.

सीनियरना ‘काम करा’ म्हणून काही होणार नाही, त्यांना जागा द्या. दोन वसतिगृहं त्यांच्या नावावर लावा. तिथले रेसिडेंट असिस्टंट (वसतिगृहावर लक्ष ठेवणारे विद्यार्थी) त्यांना नावाने ओळखायला हवेत, रोज गाडीतून उतरून एक फेरी व्हायला हवी. हे तोंडी नको, ईमेलवर द्या. आणि जमलं तर नव्याला आठवड्यातून एक रात्र त्यांच्या गाडीत बसवा. दोघांचंही भलं होईल.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सार्जंटचा अर्धा जीव त्यातच जातो: रिपोर्ट. पाळी संपण्याआधी प्रत्येक रिपोर्ट स्वतः वाचा. लेहाय विद्यापीठात १९८६ मध्ये जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा वसतिगृहातल्या तिच्याच खोलीत खून झाला, त्यावरून १९९० मध्ये क्लेरी कायदा आला. त्याखाली गुन्ह्याची नोंद कामाच्या दोन दिवसांत दैनंदिन गुन्हेनोंदीत चढवावी लागते आणि वर्षाचा अहवाल १ ऑक्टोबरपर्यंत काढावा लागतो. आता पेच बघा. लायब्ररीच्या टेबलावरून लॅपटॉप गेला तर साधी चोरी, वार्षिक आकड्यांत येत नाही. खोलीत परवानगीशिवाय शिरून नेला तर घरफोडी, दार नुसतं लोटलेलं असलं तरी. म्हणजे ‘लॅपटॉप चोरीला, हॉल अमुक’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट परत पाठवायचा. जबरी चोरी कॅम्पसला लागून असलेल्या फुटपाथवर झाली तर मोजायची, समोरच्या खाजगी अपार्टमेंटमध्ये झाली तर सहसा नाही. पत्ता नेमका हवा.

निवृत्त_फौजदार
ताई, तिकडचे कायदे मला ठाऊक नाहीत, पण रात्रगस्त सगळीकडे सारखीच. आमच्या वेळी बँका, पेढ्या, देवळं अशा ठिकाणी गस्तीची वही टांगलेली असे. बीटवाल्याने येऊन वेळ टाकून सही करायची. बरेच बहाद्दर पहिल्या फेरीतच रात्रभराच्या वेळा टाकून मोकळे! पेन तिथवर पोचलं एवढंच वहीतून कळायचं.

म्हणून स्वतः फिरा, आणि ठरावीक वेळी फिरू नका. पहाटे तीन ते पाच माणूस हमखास ढिला पडतो, तेव्हा चहा घेऊन जा. पकडायला आलात असं वाटता कामा नये. आणि हजेरीच्या वेळी चारचौघांत कुणालाही झापू नका. आधी बरोबरीने डबा खाल्लेल्या माणसाला तर नाहीच.

सिस्टीमवाला
पहाटे चहा कशाला? गाड्यांना जीपीएस असतो ना, स्क्रीनवर बघा कोण कुठे थांबलंय.

टेक्सासकर
@सिस्टीमवाला, जीपीएस गाडीचा असतो. अधिकारी उतरून वसतिगृहात गेला तरी गाडी उभीच दिसते. उलट गोल गोल फिरणारा माणूस त्यावर सगळ्यात कष्टाळू दिसतो. फौजदारसाहेबांच्या वहीचंच नवं रूप. तक्रार आली तर जरूर बघा, रोज नको.

हॉलची_मावशी
मी विद्यापीठाच्या हाउसिंगमध्ये आहे, पोलीस नाही. रात्री आम्ही तुम्हाला बोलावतो ते बहुतेक वेळा गुन्ह्यासाठी नाही. मूल खोलीतून बाहेर येत नाही, काहीबाही मेसेज पाठवतंय, असलं. तेव्हा दारात कोण उभं राहतं यावर सगळं ठरतं. तुमच्या सगळ्यांना क्रायसिस इंटरव्हेन्शनचा, म्हणजे मानसिक संकटातल्या माणसाला शांतपणे कसं हाताळायचं याचा, ४० तासांचा कोर्स करायला लावा. १९८८ मध्ये मेम्फिसमध्ये सुरू झालेलं मॉडेल आहे. तुमचे सीनियर कमी बोलणारे असतील तर कदाचित तेच इथे उपयोगी पडतील.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. फौजदारसाहेब, चहाची कल्पना लगेच उचलते. मावशी, खरंच, ते अशा कॉलवर फार शांत असतात, मी या बाजूने विचारच केला नव्हता. टेक्सासकर, एक शंका: तक्रार आल्यावर नव्याला मी थेट विचारू शकते ना, काय झालं म्हणून?

टेक्सासकर
नेहमीच्या कामाबद्दल बिनधास्त विचारा. पण शिस्तभंगाचा वास आला की थांबा आणि वर कळवा. युनियन असेल तर करारात चौकशीच्या वेळी युनियनचा प्रतिनिधी हजर ठेवण्याचा मुद्दा असतो. शिवाय १९६७ चा गॅरिटी निकाल आहे: नोकरी जाईल अशी धमकी देऊन वदवून घेतलेला जबाब त्या अधिकाऱ्याविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. सार्जंटने उत्साहात चौकशी केली तर पुढचं प्रकरण बिघडतं.

आणि एक गोष्ट चीफकडून आजच लेखी घ्या: रात्री तीनला इमर्जन्सी अलर्ट कोण पाठवणार? २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकला सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात पहिला गोळीबार झाला, विद्यार्थ्यांना पहिला ईमेल ९:२६ ला गेला आणि त्यानंतर थोड्याच वेळात नॉरिस हॉलमध्ये हत्याकांड झालं. एकूण ३२ जण गेले. पुढच्या वर्षी क्लेरी कायद्यात बदल झाला. आता धोक्याची खात्री पटली की ताबडतोब सूचना द्यावी लागते.

रात्रपाळी
आमच्याकडे अलर्टचा पासवर्ड फक्त डेप्युटी चीफ आणि जनसंपर्कवाल्यांकडे आहे, आणि दोघेही रात्री घरी असतात. डिस्पॅचला (कॉल घेणाऱ्या कंट्रोल रूमला) पण अधिकार मिळावा असा ईमेल आत्ताच टाकते. उत्तर आलं की इथे लिहीन.