कार्बन फेस : लांबी की सरळपणा?
गोल्फमध्ये ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारा पुढचा पृष्ठभाग, कार्बनचा असला की चेंडू आपोआप लांब जातो असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. फेसची उसळी किती असावी यावर नियमांचीच मर्यादा आहे आणि टायटॅनियमचे चांगले ड्रायव्हर ती केव्हाच गाठून बसलेत. खरा फायदा वजनात आहे. टेलरमेड कंपनीच्या 2022 च्या स्टेल्थ ड्रायव्हरमध्ये कार्बनचे 60 थर दिलेला फेस जेमतेम 26 ग्रॅमचा होता. तेवढाच टायटॅनियमचा साधारण 43 भरतो. वाचलेलं वजन हेडच्या (काठीच्या खालच्या जाड भागाच्या) मागच्या बाजूला नेता येतं, मग फटका फेसच्या मधोमध न बसता टोकाला किंवा टाचेला (दांड्याकडच्या कडेला) बसला तरी हेड कमी वळतं आणि चेंडू जास्त सरळ जातो.

आणखी एक सांगतो, त्या फेसवर पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो. नुसता गुळगुळीत कार्बन ओला झाला की चेंडू घसरतो आणि स्पिन बिघडतो, म्हणून त्या थरावर बारीक नक्षी असते. भर पावसात खेळताना मी दर फटक्याआधी फेस पुसतो, तेव्हा तो खरखरीतपणा अंगठ्याला जाणवतो. आवाजाची मात्र सवय करावी लागली. टायटॅनियमचा 'टण्ण' जाऊन नुसता 'ठप्प' येतो, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस चांगला बसलेला फटकाही मला फसल्यासारखा वाटायचा.