व्रणपट्टी म्हणावं की जखमपट्टी?

भाचीच्या बी.फार्म.च्या प्रकल्पाचा मराठी फलक लिहून देतोय. काइटोसान या जैवबहुवारिकाचा (बायोपॉलिमरचा) पातळ पापुद्रा, त्यात लवंगेचं तेल, जखमेवर लावायचा. मी 'व्रणपट्टी' लिहिलं तर ती म्हणते, "मामा, हे डाग घालवायचं काहीतरी वाटतं." दुसरा शब्द सुचवा. 'आवश्यक तेल' (इसेन्शियल ऑइल), 'जिवाणूनाशक', 'जैवबहुवारिक' हेही बघा.

—

भाचीचं बरोबर आहे. सुश्रुताचा व्रण म्हणजे जखमच, पण मराठीत 'देवीचे व्रण' म्हणजे जखम भरल्यावर उरलेल्या खुणा. 'घाव'ही नको. आपल्या नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे खपेल, पुण्याच्या माणसाला कुऱ्हाडच आठवेल. 'मलमपट्टी' चांगला शब्द होता, पुढाऱ्यांच्या 'वरवरची मलमपट्टी'नं वाया गेला. शिवाय यात मलम नाहीच. सरळ 'जखमेवरची पट्टी' लिहा. दवाखान्यात सगळे 'ड्रेसिंग'च म्हणतात, तेही चालेल.

—

'आवश्यक तेल' आधी खोडा! कोणाला आवश्यक? तो इंग्रजी शब्द 'इसेन्स'वरून आलाय, म्हणजे अर्क. गरजेशी संबंध नाही. 'बाष्पनशील तेल' म्हणा, नाहीतर सोपं 'उडणारं तेल'. निलगिरीच्या तेलाचा थेंब कागदावर टाका, थोड्या वेळानं उडून जातो. आपल्या जवसाच्या तेलाचा डाग मात्र राहतो. कडुनिंबाचं घाण्याचं तेलही तसंच, म्हणून त्याला हा शब्द लावू नका. तेल लगेच उडू नये, हळूहळू सुटावं, म्हणून तर ते पापुद्र्यात कोंडायचं.

—

जिवाणू मेले हे तपासलंय का, दादा? की जिवाणू वाढवलेल्या बशीत पट्टीच्या तुकड्याभोवती मोकळं वर्तुळ दिसलं, एवढंच?

—

ताई, वर्तुळच. फोटोही काढलाय तिनं.

—

मग 'जिवाणूरोधक'. वाढ थांबली एवढंच वर्तुळ सांगतं, मेले की नुसते अडले ते नाही. आणि 'प्रतिजैविक' अजिबात नको, तो अँटिबायोटिकसाठी रूढ आहे. 'बहुवारिक' शाळेच्या पुस्तकातलाच आहे, 'जैव' जोडलं की झालं.

—

'नैसर्गिक' लिहून राहिले तर कशापासून तेही लिहा बापा. काइटोसान बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या कवचातून काढतात. शाकाहारी माणूस पट्टी लावून घेईल अन् मग विचारीन!

—

तिचं कोळंबीचंच आहे. आता असं केलंय: 'कोळंबीच्या कवचापासूनचे काइटोसान व लवंगतेल यांची जिवाणूरोधक जखमपट्टी'. 'जखमेवरची' मावत नव्हतं.