कार्ड दाखवतो हो, पण दरवेळी मलाच का? (जपानमधली पोलीस चौकशी)

रात्रपाळी (धागाकर्ता)

जपानमध्ये मला आता नववं वर्ष. परवा रात्री साडेदहाला ऑफिसातून परत येताना स्टेशनच्या गेटमधून माझ्यासोबत तीस-चाळीस माणसं बाहेर पडली असतील, सगळी माझ्यासारखीच दमलेली, पाठीला सॅक, कानात हेडफोन, मान खाली, आणि कोपऱ्यावर उभ्या दोन पोलिसांनी त्यातून नेमकं मला वेचलं. जरा थांबता का, झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) बघू. दिलं. मग कुठे राहता, कुठल्या कंपनीत, सॅकमध्ये काय. सॅकमध्ये रिकामा डबा आणि छत्री. डबा पण उघडून दाखवला, वास गेला असेल त्यांच्या नाकात, तेवढंच समाधान.

ह्या वर्षातली ही चौथी वेळ. गंमत म्हणजे वागणं अगदी अदबीचं, वाकून नमस्कार, सहकार्याबद्दल आभार वगैरे. ओरडले असते तर निदान नीट रागावता तरी आलं असतं.

कार्ड जवळ बाळगायचा नियम मला मान्य आहे, त्याबद्दल हा धागा नाही. पण एवढ्या गर्दीतून मला निवडताना त्यांनी नेमकं काय बघितलं? विचारलं तर म्हणे सध्या ह्या भागात गस्त चालू आहे. ते मला दिसतंच होतं की!

तुमचे अनुभव सांगा, आणि मी उगाच मनाला लावून घेतोय असं वाटत असेल तर तेही बिनधास्त लिहा.

स्पष्टवक्ता

लावून घेताय. राग मानू नका पण दोन मिनिटांच्या कामासाठी एवढा मोठा धागा? दुसऱ्याच्या देशात राहतो आपण, विमानतळावर कार्ड हातात पडलं तेव्हाच नियम माहीत होता. रात्री अकराला शाळकरी मुलगी क्लासवरून एकटी घरी येते ह्या देशात, ते काय आपोआप होतं का, ह्याच कोपऱ्यावर उभ्या पोलिसांमुळे होतं. त्या सुरक्षिततेचे फायदे आपल्याला हवेत, फक्त दोन मिनिटं थांबायचा कंटाळा. आणि आपल्या देशात परदेशी माणसाला कमी कागद लागतात का, जास्त दिवसांचा व्हिसा असला की १४ दिवसांत नोंदणी, हॉटेलात उतरला तर हॉटेलवाल्याने वेगळा फॉर्म भरायचा. तेव्हा कोणी धागा काढलेला मी तरी बघितला नाही.

मला १२ वर्षांत दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा कार्ड दिलं, हसलो, निघालो. संपला विषय.

टवाळ

काका दोनदाच थांबवलं कारण तुम्ही बारा वर्षं गाडीने फिरताय. एकदा सायकलवर बसून बघा. खुर्ची जरा खाली असलेली जुनी सायकल, त्यावर आपल्यासारखा दाढीवाला, रात्री नऊनंतर. पोलीस स्वतःहून भेटायला येतात, बोलवावं लागत नाही. सायकलची नोंदणी आधी तपासतात, ती माझ्याच नावावर निघाली की चेहऱ्यावर जी निराशा येते ना, मलाच सॉरी म्हणावंसं वाटतं.

कायद्याचा_कीस

धाग्यात दोन वेगळे कायदे एकत्र कालवले जातायत म्हणून लिहितो, मोठं होईल, माफी.

रस्त्यात थांबवून विचारपूस करणं, ज्याला इथे शोकुमु शित्सुमोन म्हणतात, ते १९४८ च्या पोलीस कर्तव्य कायद्याखाली येतं. त्याच्या दुसऱ्या कलमात सरळ लिहिलंय की माणसाचं विचित्र वागणं किंवा आजूबाजूची परिस्थिती बघून गुन्ह्याचा रास्त संशय आला तर थांबवता येतं, आणि त्याच कलमात पुढे असंही आहे की मनाविरुद्ध चौकीवर नेता येणार नाही, उत्तर द्यायची सक्ती करता येणार नाही. म्हणजे कागदावर तरी सगळं राजीखुशीचं.

आता आपल्याला दुसरा कायदा चिकटतो, इमिग्रेशनचा, कलम २३. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी रहिवाशाने कार्ड कायम जवळ ठेवायचं आणि पोलिसाने कामाचा भाग म्हणून मागितलं की दाखवायचं. जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड, दाखवायला नकार दिला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड. जपान्याला ओळखपत्र बाळगायची सक्तीच नाही. त्यामुळे होतं काय, जपानी माणूस "घाईत आहे हो" म्हणून निघायचा प्रयत्न तरी करू शकतो, तुम्ही तेच म्हणलात तर तुम्ही गुन्हेगार. थांबणं राजीखुशीचं आणि कार्ड सक्तीचं, मग ते थांबणं राजीखुशीचं उरतं कुठे? धागाकर्त्याला बोचतंय ते हे आहे, फक्त त्यांना शब्द सापडत नाहीये.

आणि सॅक उघडून दाखवायची गरज नव्हती हो! कलम २३ कार्डापुरतं आहे, डब्यापुरतं नाही. १९७८ साली बँक दरोड्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने संमतीशिवाय बॅग उघडून बघणं चालवून घेतलं होतं, पण तिथे संशय जबरदस्त होता, पळालेल्या दरोडेखोरांसारखीच माणसं गाडीत सापडली होती. तुमच्याकडे फक्त छत्री होती. अजून एक, कार्ड मागणाऱ्या अधिकाऱ्याचं ओळखपत्र बघायला मागायचा हक्क त्याच कलमात आहे, सभ्यपणे मागा.

स्पष्टवक्ता

@कायद्याचा_कीस कायदा मस्त समजावलात पण हा सल्ला रस्त्यावर वापरून दाखवा. बॅग उघडणार नाही म्हणायचं, मग ते अजून चार जण बोलावणार, मग अर्धा तास गर्दीसमोर उभं राहायचं. हक्क मिळाला, शेवटची ट्रेन गेली. त्यापेक्षा डबा उघडलेला परवडला.

कायद्याचा_कीस

हे मात्र खरं आहे, नाकारत नाही. मी स्वतः उघडतोच. कीबोर्डावर शूर.

दोन_मुलांची_आई

स्पष्टवक्ता दादा, दोन मिनिटं दोन मिनिटं चाललंय म्हणून लिहितेय, नाहीतर मी नुसती वाचक आहे.

माझा मोठा मुलगा इथेच जन्मला, आता सतरा वर्षांचा. मराठी तो मोडकीतोडकी बोलतो, आजीशी फोनवर बोलताना अडखळतो, स्वप्नंसुद्धा जपानीत पडतात त्याला. सोळावा वाढदिवस झाला तेव्हा केक कापायच्या आधी मी त्याला काय सांगितलं असेल तर आजपासून कार्ड खिशात, धावायला गेलास तरी, खालच्या मशीनवरून पाणी आणायला गेलास तरी. त्याच्या जपानी मित्रांच्या आयांना असलं काही सांगावं लागत नाही.

मागच्या महिन्यात प्रॅक्टिसवरून चार मुलं सायकलने परत येत होती, चौघांचे कपडे सारखे, शाळेची बॅग सारखी, सायकली पण साधारण सारख्याच. थांबवलं एकाला. बाकी तिघं पुढे जाऊन थांबली आणि बघत बसली. पोलीस त्याच्याशी हळूहळू तोडून तोडून बोलायला लागला, ह्याने नेहमीच्या भाषेत उत्तर दिलं तर म्हणे निहोंगो जोओझु देसु ने, जपानी छान बोलतोस हो. जन्मापासून बोलतोय! कार्ड बघितलं, आभार मानले, सोडलं. मोजून दोन मिनिटं असतील, तुमचं खरं आहे.

घरी येऊन काही बोलला नाही. जेवला, झोपला. आम्हाला कळलं तीन दिवसांनी, मित्राच्या आईकडून, आणि तीही म्हणाली की आमच्या मुलाला कळेना त्यालाच का विचारलं. आता प्रॅक्टिसवरून तो मुद्दाम वीस मिनिटं उशिरा एकटाच निघतो. मी विचारलं का रे, तर म्हणाला माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं. ही वीस मिनिटं कुठल्या हिशोबात धरायची ते सांगा.

रात्रपाळी

ताई, हे वाचून माझा डबा फारच किरकोळ वाटायला लागला.

स्पष्टवक्ता

ताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. तिथे चूकच झाली. पण एक पोलीस चुकला म्हणून सगळी पद्धतच वाईट असं म्हणता येत नाही. बाहेरून येणाऱ्यांत व्हिसा संपल्यावर लपून राहणारे आहेत का नाहीत? मग ते शोधायचे कसे, कपाळावर तर लिहिलेलं नसतं. चेहरा बघून अंदाज करणार, दुसरं काय करणार ते?

हिशेबनीस

आकडे आणलेत, घ्या. व्हिसा संपून राहिलेले लोक १९९३ मध्ये जवळपास ३ लाख होते, आता पाऊण लाखाच्या आसपास. त्याच काळात कायदेशीर राहणारे वाढत वाढत २०२४ अखेर ३७ लाखांच्या वर गेले. म्हणजे चेहरा बघून थांबवलेला माणूस कार्डवाला निघण्याची शक्यता तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. अंदाज चुकीचा निघतोय हे पोलिसांच्याच सरकारचे आकडे सांगतात, तुमचा माझा भावनेचा प्रश्न बाजूला ठेवा.

टोकियो बार असोसिएशनने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, २०२२ मध्ये सर्व्हे केला होता, परदेशी मूळ असलेल्या २,०९४ लोकांनी उत्तरं दिली, त्यातल्या ६२.९ टक्के लोकांना मागच्या पाच वर्षांत कधी ना कधी थांबवलेलं.

स्पष्टवक्ता

हिशेबनीस साहेब, हिशोबात घोळ आहे. असल्या सर्व्हेत उत्तर कोण देतं, ज्याला थांबवलं तोच ना? ज्याला कधीच कोणी अडवलं नाही तो फॉर्म भरायला कशाला बसेल. ६२.९ हा आकडा सगळ्या परदेश्यांना लावू नका.

हिशेबनीस

मुद्दा बरोबर, सगळ्यांना लावत नाही. पण मग मोजायचं कोणी? २०२१ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या दूतावासाने आपल्या नागरिकांना जाहीर सावध केलं की वंश बघून थांबवल्याच्या तक्रारी येतायत, त्यानंतर राष्ट्रीय पोलीस एजन्सीने २०२१ सालच्या तक्रारी तपासल्या आणि पूर्ण देशात ६ प्रकरणं अयोग्य निघाली. सहा! सर्व्हे फुगलेला असेल तर हा आकडा वाळवलेला आहे.

जुनाजाणता

मी ८९ साली आलो. तेव्हा वॉर्ड ऑफिसात डाव्या हाताच्या तर्जनीचा ठसा घ्यायचे. आमच्या शेजारी कोरियन कुटुंब होतं, दुकान होतं त्यांचं, तिसरी पिढी इथलीच, त्यांनाही ठसा. त्या लोकांनी ऐंशीच्या दशकात ठसा द्यायला नकार दिला, हजारोंनी, खटले झाले, काहींना देशाबाहेर गेल्यावर परत यायचा परवाना मिळेना. १९९३ पासून कायमच्या रहिवाशांचे ठसे बंद झाले, २००० मध्ये सगळ्यांचेच. मग २००७ मध्ये विमानतळावर परत चालू झाले ती गोष्ट वेगळी. आणि त्या कोरियन मंडळींना, म्हणजे विशेष कायम रहिवाशांना, २०१२ पासून ओळखपत्र सतत खिशात ठेवायची सक्ती नाही.

तेव्हा माझं दोन्ही बाजूंशी जमत नाही. स्पष्टवक्ता म्हणतात नियम आहे तर पाळा, अहो ते नियम कुरकुर केल्यानेच बदलले. पण धागाकर्ते, तुम्ही नियम मान्य आहे म्हणून सुरुवातच केलीत तिथे चुकलात. पोलिसाने निवड कशी केली ते कधीच सिद्ध होत नाही, त्याच्या मनात काय होतं कोण सांगणार. कार्ड कायम जवळ ठेवायची सक्तीच काढा, घरी असेल तर दुसऱ्या दिवशी चौकीत आणून दाखवा एवढं करा, बघा किती जणांना थांबवतात ते.

रात्रपाळी

@जुनाजाणता काका, सिद्ध होत नाही म्हणून तर २०२४ च्या जानेवारीत तिघांनी टोकियो जिल्हा न्यायालयात दावा लावलाय ना, केंद्र सरकार, टोकियो आणि आइची प्रांतावर, प्रत्येकी साधारण ३० लाख येन भरपाई मागून. त्यात जपानी नागरिकत्व घेतलेला माणूस पण आहे, म्हणजे त्याच्याकडे दाखवायला कार्डच नाही! तुमची सूचना त्याला काय कामाची?

राइनकाठी

जर्मनीहून डोकावतोय. इथे २०१० मध्ये ट्रेनमध्ये एका काळ्या विद्यार्थ्याला ओळखपत्र मागितलं होतं, पोलिसाने कोर्टात सरळ सांगितलं की रंगही बघितला. खालच्या कोर्टाने चालतं म्हणलं, २०१२ मध्ये कोब्लेन्झच्या वरच्या कोर्टाने ते बेकायदा ठरवलं आणि पोलिसांकडून माफी आली. तेव्हा सिद्ध होतं कधीकधी, पोलीस खरं बोलला तर. ट्रेनमध्ये मला अजूनही विचारतात हा भाग वेगळा.

टवाळ

अवांतर: व्हिसा वाढवायला टाकलाय आणि कार्डावरची तारीख उलटली असेल तर काय दाखवायचं? मागच्या वेळी पोलिसाने पुढची बाजू बघितली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला, म्हणलं साहेब मागे बघा, अर्ज चालू असल्याचा शिक्का आहे, दोन महिने मुभा असते. परत पडला चेहरा. ह्या वेळी ऑनलाइन अर्ज केलाय, शिक्काच नाही.

कायद्याचा_कीस

इमिग्रेशनकडून अर्ज मिळाल्याचं ईमेल आलं असेल ते जपून ठेव आणि प्रिंट काढून पाकिटात घाल. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते.

स्पष्टवक्ता

बरं धागाकर्ते, एवढी चर्चा झाली, उद्या परत थांबवलं तर कार्ड देणार का नाही ते सांगा. गोल गोल नको.

रात्रपाळी

देणार. पण आधी विचारणार, एवढ्या लोकांतून मी का. गस्त आहे म्हणाले तर परत विचारणार. आणि डबा ह्या वेळी बंद राहील.

दोन_मुलांची_आई

परत विचाराल तेव्हा ते काय म्हणतात ते जपानीत जसंच्या तसं इथे लिहा. मुलाला वाचायला देईन.