बाबासाहेबांची सामाजिक लोकशाही आणि स्वीडनवाली सोशल डेमोक्रसी एकच का?

नीराकाठचा
एमपीएससीचा अभ्यास चालूय आणि इथे अडकलोय. बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सामाजिक लोकशाही येते, नोट्समध्ये जर्मनी-स्वीडनच्या पक्षांनाही तोच शब्द. एकच आहे का? आणि हे लोक नक्की समाजवादी का, कारण आयकिया, व्होल्वो तर खाजगीच ना?

जुनी_वही
शब्द एक, अर्थ वेगळे. बाबासाहेबांच्या मनात स्वातंत्र्य, समता, बंधुता ही जगण्याची रीत होती. युरोपात ती पक्षांची विचारसरणी आहे. जर्मन समाजवादी बर्नस्टाइनने १८९९ मध्येच मांडलं की क्रांतीची वाट बघत बसू नका, मतपेटीतून आणि कायद्याने सुधारणा करत चला, तेव्हा त्याच्याच पक्षातले लोक तुटून पडले त्याच्यावर. पण १९५९ ला गोडेसबर्गच्या अधिवेशनात त्याच जर्मन पक्षाने तेच केलं, मार्क्सवाद सोडला आणि शक्य तितकी स्पर्धा, गरजेपुरतं नियोजन असं धोरण घेतलं. म्हणून कारखाना मालकाचाच राहतो.

गोथेनबर्गहून
मी इथे स्वीडनमध्ये राहतो म्हणून सांगतो. मुलगी झाली तेव्हा आईबापाला मिळून ४८० दिवसांची रजा, त्यातले ९० फक्त बापाचे, मी नाही घेतले तर बुडाले. फेब्रुवारीत सकाळी दहाला बाबागाडी ढकलत निघायचो तर रस्त्यात तसेच चार बाप भेटायचे, आणि गावाकडून आईचा फोन, नोकरी आहे ना रे बाळा? हे फुकट नाही हां, सरासरी ३२ टक्के तर नुसता स्थानिक कर जातो पगारातून. आणि गंमत म्हणजे किमान वेतनाचा कायदाच नाही इथे, युनियन आणि मालक बसून ठरवतात, १९३८ च्या साल्टशबादेन करारापासूनची पद्धत. सगळं छान आहे असंही नाही, शहरात भाड्याच्या घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत राहावं लागतं.

नीराकाठचा
म्हणजे बाबासाहेब या लोकांपेक्षा मवाळ म्हणायचे का?

जुनी_वही
उलट! १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मुख्य उद्योग सरकारच्या मालकीचे मागितलेत, शेतीसुद्धा. गोडेसबर्गवाले इतकं कधी बोलले नसते. आणि तू म्हणतोस त्या १९४९ च्या भाषणात ते आर्थिक विषमतेवरही बोलतात, राजकारणात एक माणूस एक मत पण बाकी जगण्यात नाही म्हणून. पण रजा, पेन्शन, दवाखाना करातून देता येतो, शेजारच्याच्या घरचं पाणी प्यायची तयारी करातून येत नाही, आणि त्यांना ती आधी हवी होती. परीक्षेत दोन्ही वेगवेगळे लिही, एकत्र केलंस तर मार्क जातील.