ट्रॅकिओस्टोमीनंतर आरशासमोर आणि माणसांत वावरण्याविषयी मदत हवी आहे

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातली, चाळिशी ओलांडलेली स्त्री असून आजारपणापूर्वी घरी शिवणाचे वर्ग घेत असे. न्यूमोनियामुळे बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहावे लागले आणि तोंडातून घातलेल्या नळीच्या दाबाने पुढे स्वरयंत्राखाली श्वासनलिका आक्रसली, म्हणून आता गळ्यात ट्रॅकिओस्टोमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून बसवलेली, नळी आहे. ती कधी निघेल हे डॉक्टर आताच सांगू शकत नाहीत. सक्शन करणे (नळीतला कफ यंत्राने ओढून काढणे), आतली नळी धुणे, फीत बदलणे हे सारे घरी नीट जमते. त्याविषयी माझा प्रश्न नाही.

नळीमुळे आवाज निघत नाही, म्हणून पुष्कळ रुग्ण बोलण्याचा व्हॉल्व्ह (नळीच्या तोंडावर बसणारी झडप) वापरतात. त्यात श्वास नळीतून आत येतो आणि बाहेर जाताना स्वरतंतूंवरून वर जातो. माझा वरचा मार्गच अरुंद असल्याने श्वास बाहेर पडायला वाट राहणार नाही, त्यामुळे मला त्याची मनाई आहे. मी ओठ हलवते, पाटीवर लिहिते किंवा मोबाइलवर टाइप करून यंत्राच्या आवाजात ऐकवते. लोक माझा प्रश्न वाचतात आणि उत्तर मात्र यजमानांकडे पाहून देतात. काही जण माझ्याशी ओरडून बोलतात. माझ्या कानांना काहीही झालेले नाही.

वर्गाच्या खोलीत मापे घेण्यासाठी मोठा आरसा आहे. त्यावर मी चादर टाकली आहे. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या ब्लाउजचे गळे बेतले, त्यामुळे कोणाचीही पहिली नजर कोठे जाते हे मला नेमके ठाऊक आहे. नळीवर घालण्यासाठी मलमलीची सैल झाकणे मी स्वतः शिवली (दोरे सुटणारे कापड नको, तंतू नळीत जाऊ शकतात). झाकले तर लोक काय लपवले आहे ते शोधतात, न झाकले तर टक लावून पाहतात. खोकला आला की कफ नळीच्या तोंडाशी येतो, त्याचा आवाज होतो आणि पंगतीत शेजारची व्यक्ती हळूच ताट सरकवते. आठवीतली मुलगी हल्ली पालकसभेला बाबांनाच यायला सांगते. तिला मी दोष देत नाही, परंतु तिच्याशी हा विषय कसा काढावा हे कळत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट यजमानांविषयीची आहे. रात्रीबेरात्री उठून तेच सक्शन करतात, कधीही त्रासिक चेहरा करत नाहीत, आणि तरीही, कदाचित त्यामुळेच, त्यांच्यासमोर मला मी रुग्णच वाटते. त्यांनी जवळ यावे असे मनात असते; ते जवळ आले की नळी हलेल, खोकला येईल या भीतीने मीच अंग चोरते. त्यांनाही ती भीती असावी. हे बोलायचे ते रात्री, आणि दिवा मालवला की माझे ओठ त्यांना दिसत नाहीत, त्यामुळे तो विषय तसाच राहून जातो.

मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून टेलिमानसची १४४१६ ही सरकारी सेवा आहे आणि ती मराठीतही मिळते. परंतु फोन करायचा तर आवाज हवा. माझ्या वतीने यजमान बोलले, तर जे त्यांच्यासमोर सांगता येत नाही तेच सांगायचे राहील. म्हणून लिहून संवाद साधणारे, शक्यतो मराठी जाणणारे समुपदेशक कोणाच्या माहितीत आहेत का? प्रत्यक्ष भेटीत मी लिहीन आणि ते बोलतील, अशी पद्धत कोणी अनुभवली आहे का? नळी असताना पतिपत्नींनी जवळीक कशी सांभाळावी, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारावे की भाषा-वाचा उपचार करणाऱ्यांना? गळ्यातली ती जागा स्वतः पाहण्याची सवय ज्यांनी केली, त्यांनी सुरुवात कशी केली?

“सकारात्मक राहा” असा सल्ला कृपया देऊ नये, तो भरपूर मिळाला आहे. मार्गशीर्षात पुतण्याचे लग्न आहे. लहान मंगळसूत्र नळीला लागते, म्हणून मोठे गंठण घालणार आहे. अगरबत्तीच्या धुरापासून आणि अत्तराच्या फवाऱ्यापासून दूर बसेन, एवढे ठरले आहे. फोटोत उभे राहायचे की नाही, हे मात्र ठरत नाही. अशा समारंभाला गेलेल्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, तेथे काय केले ते सविस्तर लिहिल्यास उपकार होतील. उघडपणे लिहिणे शक्य नसेल तर व्यक्तिगत निरोप पाठवला तरी चालेल.