मदत हवी आहे : केईएफ १०४/२ चे बेस ड्रायव्हर, पुन्हा फोम लावू की या वेळी रबर?

नमस्कार मंडळी,

जुन्या स्पीकरांचं काम स्वतः केलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. मजकूर लांबला आहे, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

स्पीकर केईएफच्या रेफरन्स मालिकेतले १०४/२. बाबा मर्चंट नेव्हीत होते. १९८७ साली त्यांनी हे इंग्लंडात घेतले आणि बोटीने घरी आणले. तेव्हापासून ते रत्नागिरीत, त्याच हॉलमध्ये, रोज वाजतात. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी तास-दीड तास शास्त्रीय गाणं आणि जेवणं झाल्यावर नाट्यपदं, हा नेम मोडलेला मला आठवत नाही. दुसरे स्पीकर घेण्याचा प्रश्न नाही, तेव्हा कृपया नवीन मॉडेलं सुचवू नका.

ज्यांनी हे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण माझा प्रश्न त्यांच्या रचनेशीच बांधलेला आहे. समोरची जाळी काढली की वर दोन मिड ड्रायव्हर (ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग, मिड मधल्या सुरांचा), त्यांच्या मधोमध ट्विटर (वरच्या सुरांचा) आणि खाली एक गोल भोक, एवढंच दिसतं. आठ इंची बेस ड्रायव्हर, म्हणजे खालच्या सुरांचे, दोन आहेत, पण ते पेटीच्या पोटात. एक वरून खाली तोंड करून, दुसरा खालून वर. दोघांच्या मधल्या पोकळीत आवाज तयार होतो आणि त्या भोकातून बाहेर येतो. दोघांचे मॅग्नेट धातूच्या दांडीने एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो आणि पेटी थरथरत नाही. वाजत असताना पेटीवर हात ठेवला तर लाकूड जवळपास गप्प लागतं. केईएफ ही केंटमधल्या मेडस्टोनची कंपनी, रेमंड कुक यांनी १९६१ साली काढलेली. हे मॉडेल १९८४ च्या सुमाराचं, लॉरी फिंचम तिथे तांत्रिक बाजू सांभाळत होते त्या काळातलं. विशेष म्हणजे आतल्या क्रॉसओव्हरमुळे, म्हणजे सूर वाटून ज्या त्या ड्रायव्हरला देणाऱ्या सर्किटमुळे, अँप्लिफायरला हा स्पीकर खालपासून वरपर्यंत जवळजवळ सरळ चार ओहमचा भासतो.

आता अडचण. दिवाळीनंतर डग्गा पोकळ वाटायला लागला. थाप कळते, पण घिस्सा घेतल्यावर जो घुमारा मागे राहायला हवा तो अर्ध्यात तुटतो. तानपुऱ्याचा खर्ज डाव्या बाजूने बरा येतो, उजवीकडून नुसती गुणगुण. एका ठरावीक सुराला उजव्या पेटीतून फरफर असा बारीक आवाजही येतो. उजवी पेटी आडवी करून उघडली. कोनच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेची फोमची रिंग, म्हणजे सराउंड, बोट लावताच तुटली. काही भाग कोरडा भुगा झालाय आणि काही भाग काळ्या गुळासारखा चिकट होऊन बास्केटला (ड्रायव्हरच्या चौकटीला) लागलाय. कोन मात्र शाबूत आहेत. हलक्या हाताने समान दाबून पाहिले, कॉइल (कोनला जोडलेली तारेची गुंडाळी) कुठे घासत नाही. मल्टिमीटरवर दोन्ही ड्रायव्हरांचे आकडे एकमेकांशी जुळतात.

यात कंपनीला दोष द्यावा असं काही नाही. त्या काळात जगभरच्या चांगल्या चांगल्या स्पीकरांना हाच फोम असे आणि त्याचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचंच. आमच्याकडे २००४ च्या सुमारास बाबांनी बाहेरून किट मागवून स्वतः फोम बदलला होता. म्हणजे ही दुसरी खेप. आणि इथेच मी अडले आहे.

किट विकणारे आता रबरही देतात. "दमट हवेत फोम टिकत नाही, रबर लावा, जन्मभर बघायला नको," असं दोघांनी सांगितलं. कोल्हापूरकडे डीजेचे मोठे ड्रायव्हर रिकोन करणारे (कोन नव्याने बसवणारे) एक कारागीर आहेत, हात अतिशय स्वच्छ आहे त्यांचा. ते म्हणाले, "कापडी सराउंड बसवतो, वाटल्यास कोनसकट." पण डीजेच्या ड्रायव्हरचं कापड मुद्दाम कडक असतं, त्याला फार हलायचंच नसतं. हे दोन ड्रायव्हर मोजून मापून त्या पोकळीसाठी जुळवलेले आहेत. मला आवाज "चांगला" करायचा नाही. जो होता तोच परत हवा आहे.

तर, रबराने नेमकं काय बदलेल? क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर सदतीस-अडतीस वर्षांचे झाले, ते आत्ताच बदलावेत का? आणि ट्विटरमध्ये फेरोफ्लुइड (कॉइलभोवतीचं चुंबकी तेल) असतं, ते वाळतं म्हणतात. ते वाळलंय हे ट्विटर न उघडता कसं ओळखायचं?

मुंबईला लॅमिंग्टन रोडला आणि पुण्याला तपकीर गल्लीत जाणं होतं, तिथून काही आणायचं असेल तर तेही सांगा.

— खारवी

मंद्रसप्तक : खारवीताई, आधी कोन शाबूत ठेवून काम थांबवलंत हे उत्तम झालं. माझं मत स्पष्ट आहे, फोमच लावा.

सराउंडची दोन कामं. कोनला मधोमध धरून ठेवायचं आणि त्याला मोकळेपणाने हलू द्यायचं. रबर फोमपेक्षा जड असतं आणि बहुतेक वेळा ताठही. वजन वाढलं की आवाजाची पातळी थोडी उतरते, ताठपणा वाढला की ड्रायव्हरची स्वतःची अनुनाद वारंवारिता (ज्या सुराला तो आपसूक जास्त हलतो) वर सरकते. साध्या पेटीत एवढं चालून गेलं असतं. तुमच्या स्पीकरात ड्रायव्हर, मागची बंद पोकळी, मधली पोकळी आणि ते भोक असा एकत्र जुळवलेला मामला आहे. शिवाय चार ओहमची सरळ रेघ धरून ठेवणारं सर्किट त्याच ड्रायव्हरचे गुण गृहीत धरून आखलंय. ड्रायव्हर बदलला की सर्किटचं गणितही थोडं चुकतं.

घाटमाथा : मी इतका ठाम राहणार नाही. मागची पोकळी बंद असते तेव्हा कोनला परत ढकलणारी मुख्य स्प्रिंग आतल्या हवेची असते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली अकूस्टिक रिसर्च ही स्पीकरांची कंपनी काढली ती याच कल्पनेवर. तिथे सराउंडचा ताठपणा थोडा इकडे तिकडे झाला तरी बंद पेटी ते सांभाळून घेते. माझ्याकडच्या बंद पेटीच्या स्पीकरांना पातळ रबर आहे आणि मला फरक ऐकू आलेला नाही. काहीही लावलंत तरी चारही ड्रायव्हरांना एकच लावा, एकाच वेळी. डावीकडचा अजून बरा दिसतोय म्हणून तो तसाच ठेवू नका.

मंद्रसप्तक : ताठपणाबद्दल मान्य. वजनाबद्दल नाही, हवा वजन कमी करत नाही. बंद पेटीत ड्रायव्हर थेट खोलीत वाजतो, इथे तो एका ठरावीक पट्ट्यापुरता वाजावा म्हणून पोकळीतून गाळून घेतलाय. त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा सरकल्या की मिडशी सांधा जुळणार नाही, आणि माणसाचा आवाज तिथून फार लांब नाही.

तारयंत्र : फोमबद्दल एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुने सराउंड बहुधा पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेन फोमचे. हवेतल्या वाफेने त्याच्या रेणूंची साखळी तुटते, तुम्हाला जो चिकटा दिसला तो हाच. पॉलिईथर जातीचा फोम दमटपणा बराच जास्त सोसतो, त्याचं वैर उजेडाशी आणि प्राणवायूशी. तुमचे ड्रायव्हर पेटीच्या पोटात अंधारात बसलेत! म्हणजे पॉलिईथर मिळाला तर कोकणात तुमच्या स्पीकरइतकी चांगली जागा त्याला मिळणार नाही. विक्रेत्याला मेलवर सरळ विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि पुढच्या खेपेसाठी म्हणून जादा किट घेऊन ठेवू नका, फोम कपाटातही म्हातारा होतो.

क्रॉसओव्हरचं म्हणाल तर सरसकट काही बदलू नका. या स्पीकरात दुखणं शोधायची एक सुरेख सोय आहे. लॅपटॉप, शंभर ओहमचा एक रेझिस्टर आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर वापरून इम्पिडन्सचा (सुरागणिक बदलणाऱ्या रोधाचा) आलेख काढा. इतर स्पीकरांचा आलेख डोंगरदऱ्यांचा असतो. तुमचा सपाट असायला हवा. फोम गेल्यामुळे खालच्या टोकाला उंचवटे दिसतीलच, ते सध्या सोडून द्या. पण वर कुठे एक पेटी सपाट आणि दुसरी फुगलेली दिसली, तर तिथला कपॅसिटर गेला. तेवढाच काढून एलसीआर मीटरवर (कपॅसिटर मोजायच्या मीटरवर) मोजा. बदलायचा झाला तर त्याच क्षमतेचा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस नसलेला कपॅसिटर) लावा, लॅमिंग्टन रोडला मिळतो. मोठ्या हौसेने फिल्म कपॅसिटर (प्लॅस्टिकच्या पातळ थरांचे) लावणारे पुष्कळ आहेत. पण जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचा थोडा अंतर्गत रोध असतो आणि तो हिशेबात धरलेला असतो. फिल्मचा जवळपास नाहीच, मग वरचे सूर टोचायला लागतात.

ट्विटरची परीक्षा : अँप्लिफायर मोनोवर ठेवा, बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. पावसासारखा सरळ नॉइज लावा. एक बाजू पांघरूण घातल्यासारखी लागली तर दोन्ही ट्विटर आपसात बदला. मंदपणा ट्विटरबरोबर दुसऱ्या पेटीत गेला तर फेरोफ्लुइड. जागेवरच राहिला तर क्रॉसओव्हर. मात्र दोन्ही सारखेच वाळले असतील तर ही परीक्षा काही सांगणार नाही.

खारवी : सगळ्यांचे मनापासून आभार. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या मदतीने आलेख काढला. खालच्या टोकाला दोन्ही पेट्यांना उंचवटे आहेत, उजवीला जास्त. वर डावी पेटी चारच्या आसपास सरळ चालते. उजवी मात्र मधल्या पट्ट्यात फुगते, तेव्हा तिथला कपॅसिटर काढून मोजणार. नॉइजची परीक्षाही केली, ट्विटर दोन्हीकडे सारखे लागतात, म्हणून त्यांना आत्ता हात लावत नाही.

घाटमाथा, तुमचा मुद्दा मी बराच विचारात घेतला. पण मला मिडशी सांधा बिघडण्याची जोखीम घ्यायची नाही, बाबांचं सगळं ऐकणं गळ्याचं आहे. फोम ठरला. पॉलिईथर आहे असं लेखी सांगणारा एक विक्रेता युरोपात मिळालाय.

शेवटचा प्रश्न. किट यायला जून उजाडेल. पाण्यावर विरघळणारा पांढरा गोंद आहे. आमच्याकडे तेव्हा कपडे चार दिवस वाळत नाहीत, तर गोंद धरेल का? आणि डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) कापून शिम (कॉइल मध्यात धरणाऱ्या पातळ पट्ट्या) घालू की टोन लावून मध्य साधू?

तारयंत्र : गोंद धरेल, घाई करू नका. आधी जुना चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढा, बास्केटवर आणि कोनच्या कडेवर बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागलं पाहिजे. कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जाऊ द्या. मग फोम आधी कोनला चिकटवा आणि एक रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी बास्केटला. तेव्हा तीस हर्ट्झच्या आसपासचा टोन अगदी हळू लावून ठेवा, कोन सावकाश खालीवर होतो. कुठे खरखर ऐकू आली तर गोंद ओला आहे तोवर फोम किंचित सरकवून मध्य साधता येतो. डस्ट कॅप कापायची गरज नाही. कॉइल घासतच राहिली तरच शिमचा विचार करा.

दमटपणासाठी ड्रायव्हर एका छोट्या खोलीत ठेवून डिह्युमिडिफायर लावा. नसेल तर बंद कपाटात पिवळा साधा बल्ब, ड्रायव्हरपासून हातभर लांब. पावसाळ्यात मी दोन पूर्ण दिवस देतो. बसवताना दांडीच्या नटांवर आधी मार्करने खूण केली असेल तर त्याच खुणेपर्यंत आवळा, जास्त नाही. आणि वायरी काढण्यापूर्वी प्लस-मायनसचा फोटो काढून ठेवा. दोन बेस ड्रायव्हरांपैकी एक जरी उलटा जोडला गेला तरी पोकळीतला आवाज एकमेकांना खाऊन टाकेल आणि तुम्हाला वाटेल फोमच चुकला.

घाटमाथा : फोम बसवून झाल्यावर पुन्हा आलेख काढून इथे टाका. खालचे उंचवटे उतरलेले दिसायला हवेत. तपकीर गल्लीतून एलसीआर मीटर घ्यायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडचा महिनाभर वापरायला देतो.